अवधानाचे दान
(समाजमाध्यमांच्या त्यागाविषयी गृहस्थाने करावयाचा विचार)

विवाहविधीत अंतरपाट दूर होण्यापूर्वी वधूवरांच्या कानांवर जो शब्द पुनःपुन्हा पडतो, तो 'सावधान' हा होय. मंगलाष्टकांच्या प्रत्येक कडव्याच्या अखेरीस तो येतो. आणि लहानपणापासून तो इतक्या वेळा ऐकलेला असतो की, त्याच्या अर्थाकडे सहसा कोणी वळत नाही. 'सावधान' म्हणजे अवधानासहित. गृहस्थाश्रमात पाऊल टाकणाऱ्या दोन जीवांना अन्य कोणताही उपदेश करण्यापूर्वी आपल्या पूर्वजांनी अवधानाची आठवण द्यावी, यात मोठे मर्म आहे.

'धा' या धातूचा अर्थ ठेवणे. त्यास 'अव' हा उपसर्ग लागून 'अवधान' शब्द सिद्ध झाला. अवधान म्हणजे मन एका ठिकाणी उतरवून ठेवणे. डोईवर ओझे घेऊन चालणारा वाटसरू पारावर ते टेकवतो आणि मग स्वस्थ बसतो, तद्वत मन समोरच्या विषयावर वा व्यक्तीवर टेकविणे हे अवधान होय. आता 'गृहस्थ' हा शब्द पाहावा. 'स्था' म्हणजे उभे राहणे, स्थिर असणे. घरात जो स्थिर आहे तो गृहस्थ. ज्याचे शरीर घरात आहे, परंतु मन हातातील मोबाइलच्या पडद्यावरून शंभर अनोळखी घरांत हिंडत आहे, त्याला गृहस्थ ही संज्ञा कितपत लागू पडेल, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारण्यासारखा आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, यूट्यूब इत्यादी समाजमाध्यमांचा त्याग करावा की नाही, करावा तर कोणत्या रीतीने, हा विचार म्हणूनच गृहस्थधर्माच्या कक्षेत येतो. तोच प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

'लक्ष देणे' या प्रयोगाचे मर्म

मराठी भाषेत आपण लक्ष 'देतो'. कान द्यावा, मन द्यावे, ध्यान द्यावे, वेळ द्यावा, या सर्व प्रयोगांत क्रियापद 'देणे' हेच आहे. इ. स. १२९० मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वरमहाराजांनी श्रोत्यांजवळ जे मागितले तेही अवधानच. ज्या वक्त्याला श्रोत्यांकडून दुसरे काही नको होते, त्यानेही एवढी एक वस्तू मागून घ्यावी, यावरून तिची योग्यता कळून येते.

जे देता येते ते दान होऊ शकते. आणि दान म्हटले की त्याचे शास्त्र आले. गीतेच्या सतराव्या अध्यायात विसाव्यापासून बाविसाव्या श्लोकापर्यंत दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन भेद सांगितले आहेत. कोठे द्यावे, केव्हा द्यावे आणि कोणास द्यावे, म्हणजेच देश, काल व पात्र, ही त्या विवेचनातील मुख्य कसोटी होय. ही कसोटी आपण धनाच्या दानास लावतो. देवळाच्या दारी पाच रुपये टाकतानाही हाती घेणारा गरजू आहे की नाही, हे क्षणभर पाहतो. परंतु दिवसातून शेकडो वेळा जे लक्ष आपण देऊन टाकतो, त्याच्या बाबतीत मात्र देश, काल, पात्र यांचा विचार मनास शिवतही नाही.

वस्तुतः धनापेक्षा लक्ष हे अधिक जपून देण्याचे द्रव्य आहे. धन कोणापाशी अधिक, कोणापाशी उणे असते. दिवसाचे २४ तास मात्र राजाला आणि हमालाला सारखेच मिळतात. गेलेले धन पुन्हा मिळविता येते. दिलेले लक्ष परत येत नाही. ते साठवून ठेवता येत नाही, उसने काढता येत नाही, आणि मृत्युपत्राने मुलांच्या नावे करून देता येत नाही. ज्याला द्यावयाचे त्याला जिवंतपणी, समोर बसूनच ते द्यावे लागते.

घेणारा कोण?

दान देताना घेणाऱ्याची ओळख करून घ्यावी, म्हणून आधी तिकडे वळू. फेसबुक २००४ मध्ये, यूट्यूब २००५ मध्ये, ट्विटर २००६ मध्ये (त्याचे नाव २०२३ पासून एक्स झाले) आणि इन्स्टाग्राम २०१० मध्ये सुरू झाले. यांच्या वापरासाठी सामान्य मनुष्याला पैसे मोजावे लागत नाहीत; यांचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींचे आहे. जाहिरातदार जे विकत घेतो ते आपले लक्ष होय. बाजारात ज्या वस्तूचे मोल आपण देत नाही, तेथे पुष्कळदा आपणच विक्रीचा माल झालेलो असतो. अमेरिकन विद्वान हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच हे दाखवून दिले होते की, जेथे माहितीची रेलचेल होते तेथे लक्षाचा दुष्काळ पडतो, कारण माहिती ही लक्ष खाऊनच राहते. पुढे १९७८ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर आपल्या देशात इंटरनेट अतिशय स्वस्त झाले, आणि सायमन यांनी सांगितलेला दुष्काळ खेड्यापाड्यांतील घराघरांत येऊन पोचला.

लक्ष खेचून धरण्याचे जे उपाय या माध्यमांत योजलेले आहेत, त्यांपैकी तीन समजून घेतले तरी पुरे.

पहिला उपाय असा की, यादीला शेवट ठेवावयाचा नाही. वर्तमानपत्राचे शेवटचे पान येते. पोस्टमन पत्रे देऊन निघून जातो. गीतेच्या प्रत्येक अध्यायाच्या अखेरीस 'इति' या शब्दाने सुरू होणारी पुष्पिका येते, आणि वाचकाला थांबून विचार करण्यास जागा मिळते. बोट वर सरकवीत जावे आणि खालून नवे नवे येतच राहावे, ही रचना आझा रास्किन या अभियंत्याने २००६ मध्ये केली. पुढे त्यांनी स्वतःच तिच्याविषयी जाहीरपणे खेद व्यक्त केला आहे. जिला पुष्पिका नाही अशी ही पोथी मिटावी केव्हा, हे वाचणाऱ्याला कळतच नाही.

दुसरा उपाय म्हणजे प्रशंसेचे मोजमाप. फेसबुकने फेब्रुवारी २००९ मध्ये 'लाइक'चे बटण आणले. तोपर्यंत स्तुती कानांनी ऐकावयाची होती. आता ती आकड्यांत दिसू लागली.

तिसरा उपाय अनिश्चिततेचा. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांचा १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ या बाबतीत प्रमाण मानला जातो. कबुतराने चोच मारली असता दाणा नेमका केव्हा मिळेल हे निश्चित नसेल, तर ते कबुतर न थकता चोच मारीत राहते आणि दाणे बंद झाल्यावरही ती सवय लवकर सुटत नाही. मोबाइल उघडल्यावर काही तरी मिळेल की नाही मिळेल, ही जी टोचणी आपणास लागते, तिचे स्वरूप याहून वेगळे नाही. फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनी २०१७ मध्ये उघडपणे सांगितले की, लोकांचा वेळ व जाणीवपूर्वक लक्ष अधिकांत अधिक कसे घेता येईल, हाच विचार या रचनेच्या मुळाशी होता. तेव्हा घेणारा कोण, हे घेणाऱ्यानेच सांगून टाकले आहे.

विक्षेपाचे स्वरूप

'क्षिप्' म्हणजे फेकणे. 'विक्षेप' म्हणजे निरनिराळ्या दिशांना फेकणे. पतंजलींनी समाधिपादाच्या तिसाव्या सूत्रात चित्ताचे नऊ विक्षेप सांगितले आहेत. आणि व्यासभाष्यात चित्ताच्या क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र व निरुद्ध अशा पाच भूमी वर्णिल्या आहेत. यांतील 'विक्षिप्त' ही भूमी लक्षात घेण्यासारखी आहे. विक्षिप्त चित्त मधून मधून स्थिर होते, परंतु ती स्थिरता टिकत नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे चित्त याच भूमीवर असते. म्हणजेच स्थिर होण्याची योग्यता त्याच्या ठायी आहे. ते क्षणोक्षणी उडवून दिले जाते एवढीच अडचण. पाण्यावरील नावेला वारा जसा ओढून नेतो, तसे विषयांत हिंडणाऱ्या इंद्रियांमागे लागलेले मन बुद्धीला ओढून नेते, हा दृष्टान्त दुसऱ्या अध्यायाच्या सदुसष्टाव्या श्लोकात आला आहे. नाव फुटलेली नाही, नावाडी मेलेला नाही. केवळ वाऱ्याच्या हाती दिशा गेली आहे.

पुष्कळांचे म्हणणे असे असते की, 'आम्ही फक्त दोन मिनिटे पाहतो.' परंतु हानी दोन मिनिटांची नसते. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, एक काम अर्धवट टाकून मनुष्य दुसऱ्याकडे वळला असता त्याच्या लक्षाचा काही अंश पहिल्या कामातच अडकून राहतो. संस्कृत ग्रंथांचे भाषांतर करणाऱ्यास याचा प्रत्यय नित्य येतो. भाष्यातील एखाद्या दीर्घ वाक्याचा कर्ता पहिल्या ओळीत असतो आणि क्रियापद सहाव्या ओळीत. मधली विशेषणे, हेतू आणि शंका एकत्र मनात धरून ठेवाव्या लागतात. पाचव्या ओळीपाशी मोबाइल वाजला आणि कोणाचा तरी सुप्रभातीचा संदेश वाचला, की मनात उभारलेला तो सारा मांडव कोसळतो. पुन्हा पहिल्या ओळीपासून अन्वय लावावा लागतो. संदेश वाचण्यास क्षण लागला, परंतु गेला तो पाव तास.

ही गोष्ट केवळ ग्रंथापुरती नाही. म्हातारी आई आपल्या गुडघ्याचे दुखणे सांगू लागते तेव्हा ती पहिल्या वाक्यात दुखण्याविषयी बोलते आणि पाचव्या वाक्यात मनातील भीती बोलून दाखवते. ज्याचे लक्ष तिसऱ्या वाक्याला उडाले, त्याने दुखणे ऐकले पण भीती ऐकली नाही. माणसाच्या बोलण्याचाही अन्वय लागावा लागतो, आणि तो तुटला असता आई पुन्हा पहिल्या वाक्यापासून आरंभ करीत नाही. ती गप्प बसते.

अवधानदानाचे तीन प्रकार

आता सतराव्या अध्यायातील दानविवेक अवधानास लावून पाहू.

सात्त्विक दानाचे लक्षण असे की, देणे हे आपले कर्तव्य आहे एवढ्याच बुद्धीने, परतफेडीची अपेक्षा न धरता, योग्य स्थळी, योग्य वेळी व योग्य व्यक्तीस ते दिले जाते. मूल शाळेतून येऊन आपली वही दाखवते. त्यात जगाला सांगण्यासारखे काहीच नसते. तरीही मोबाइल बाजूस ठेवून ती वही दोन्ही हातांत घेणे, हे सात्त्विक अवधान होय. आजारी शेजाऱ्याजवळ स्वस्थ बसणे, पत्नीने वा पतीने दिवसभरातील क्षुल्लक वाटणारी हकीकत सांगितली असता ती शेवटपर्यंत ऐकणे, आलेल्या अतिथीकडे पाहून बोलणे, ही याचीच रूपे आहेत. यांतील कोणत्याही गोष्टीचे छायाचित्र निघत नाही आणि तिला कोणी 'लाइक' देत नाही.

राजस दान परतफेडीच्या आशेने, फळावर डोळा ठेवून किंवा कुरकुरत दिले जाते. समाजमाध्यमांवरील पुष्कळशी देवघेव या वर्गात मोडते. त्याने माझ्या छायाचित्राची वाखाणणी केली म्हणून मी त्याच्या छायाचित्राची करतो. मी शुभेच्छा दिल्या, त्याने का दिल्या नाहीत, याचा हिशेब मनात राहतो. कोणी संदेश वाचला परंतु उत्तर दिले नाही, एवढ्यावरून नात्यांत अंतर पडते. हा स्नेह नव्हे, हा व्यापार होय. आणि व्यापार करावयाचाच तर तो इतक्या तोट्याचा का करावा?

तामस दान अयोग्य स्थळी, अयोग्य वेळी, अपात्राला, अथवा अनादराने व तिरस्काराने दिले जाते. यात दोन गोष्टी आल्या आणि दोन्ही आपल्या घरांत घडतात. एक अशी की, पहाटे जाग येताच अंथरुणातच, देवाचे वा माणसाचे मुख पाहण्यापूर्वी, दिवसाचे पहिले आणि सर्वांत ताजे लक्ष आपण कोणा अनोळखी मनुष्याच्या भांडणास देऊन टाकतो. येथे स्थळ, वेळ आणि पात्र ही तिन्ही चुकली. दुसरी गोष्ट अधिक दुःखद आहे. पात्र योग्य असते, वेळही योग्य असते, परंतु देण्याची रीत अनादराची असते. वडील बोलत असतात आणि मुलगा पडद्यावरून दृष्टी न उचलता 'हं, हं' करीत राहतो. भिक्षेकऱ्यापुढे दुरून नाणे फेकावे तसा तो हुंकार असतो. कोणत्याही स्वाभिमानी घेणाऱ्याला असे दान नको वाटते. पुढे वडीलही बोलणे सोडून देतात आणि एका घरात राहून दोन माणसे एकमेकांना परकी होतात. समाजमाध्यमांपासून होणाऱ्या हानींत वेळेचा अपव्यय मोठा आहे खरा. परंतु आपल्यावर ज्यांचा अधिकार आहे त्यांना उष्टे लक्ष द्यावे लागते, ही हानी त्याहून मोठी होय.

तीन शंका व त्यांचे समाधान

येथे पहिली शंका अशी उद्भवते की, ही साधने उपयोगाचीही आहेत. मुलगा बंगळुरूस, मुलगी परदेशी, भाऊबंद इंदुरास किंवा बडोद्यास अशी आज अनेक कुटुंबांची स्थिती आहे. शाळेच्या सूचना, सोसायटीची पत्रके, डॉक्टरांचे अहवाल हे सर्व व्हॉट्सॲपवर येते. मग त्याग कसा करावा? याचे उत्तर अठराव्या अध्यायाच्या सातव्या, आठव्या व नवव्या श्लोकांत मिळते. विहित कर्मच मोहाने टाकून देणे हा तामस त्याग. त्रास होतो म्हणून टाकणे हा राजस त्याग. आणि कर्तव्य करीत राहून आसक्ती व फलाची आशा सोडणे हा सात्त्विक त्याग होय. मुलीशी बोलणे हे कर्तव्य आहे. ते टाकावयाचे नाही. परंतु तिच्याशी बोलण्याचे साधन निराळे, आणि हजारो अपरिचितांच्या जीवनाचे प्रदर्शन पाहत बसणे निराळे. ज्याच्या योगे ठरावीक माणसास ठरावीक निरोप देता येतो ते पत्रासारखे आहे. ते मर्यादेने ठेवावे. ज्याला ना आदी ना अंत असा जो देखावा आहे, तो गृहस्थाने निःशंकपणे सोडून द्यावा. मात्र कंटाळून, कोणाशी वाद झाल्यामुळे, किंवा 'मी सोडले' अशी त्याच माध्यमावर घोषणा करून जो त्याग होतो तो राजस असतो. आठ दिवसांनी त्या घोषणेस किती जणांनी दाद दिली हे पाहण्याकरिता मनुष्य परत येतो.

दुसरी शंका अशी की, यामुळे जगाचे ज्ञान तुटेल. या शंकेत तथ्य आहे आणि ते झाकून ठेवू नये. अमेरिकेत २०१८ मध्ये हंट ऑलकॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. काही लोकांना चार आठवडे फेसबुक बंद ठेवण्यास सांगितले, इतरांनी ते चालू ठेवले. बंद ठेवणाऱ्यांचे दररोज सरासरी सुमारे ६० मिनिटे वाचली. त्यातील काही वेळ त्यांनी आप्तमित्रांत आणि काही दूरदर्शन पाहण्यात घालविला. त्यांच्या समाधानात थोडीशी परंतु निश्चित वाढ झाली, आणि प्रयोग संपल्यावरही त्यांचा वापर पूर्वीपेक्षा कमीच राहिला. त्याचबरोबर बातम्यांविषयीचे त्यांचे ज्ञान काहीसे उणावले, हेही त्या अभ्यासात आढळले. तेव्हा ज्याने समाजमाध्यम सोडले त्याने दिवसातून एकदा एखादे चांगले वर्तमानपत्र पूर्ण वाचावे. त्याला शेवटचे पान असते, हा त्याचा गुण विसरू नये.

तिसरी शंका सूक्ष्म आहे. साधन सोडले तरी मन तेच चिंतीत राहिले तर? गीतेने या प्रश्नास दोन ठिकाणी हात घातला आहे. तिसऱ्या अध्यायाच्या सहाव्या श्लोकात, इंद्रिये आवरून मनाने विषय आठवीत बसणाऱ्यास मिथ्याचारी म्हटले आहे. आणि दुसऱ्या अध्यायाच्या एकोणसाठाव्या श्लोकात असे सांगितले आहे की, उपवास केल्याने विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मागे राहते. ती गोडी श्रेष्ठ वस्तूच्या दर्शनानेच जाते. याचा व्यवहारातील अर्थ असा की, रिकामी केलेली जागा रिकामी ठेवू नये. वाचलेला तास कशास द्यावयाचा, हे आधी ठरवावे आणि मग त्यागास हात घालावा. वरील प्रयोगातील लोकांचा काही वेळ दूरदर्शनकडे गेला, ही गोष्ट याच दृष्टीने बोधप्रद आहे.

आचरणाचा क्रम

सहाव्या अध्यायाच्या पंचविसाव्या श्लोकात मन हळूहळू आवरावे असे म्हटले आहे, आणि पस्तिसाव्यात अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय दिले आहेत. त्यास अनुसरून पुढील क्रम सुचवितो.

(१) प्रथम सात दिवस काहीही न सोडता केवळ पाहावे. कोणते माध्यम दिवसात किती वेळ उघडे होते, हे हल्लीचे बहुतेक मोबाइल स्वतःच दाखवतात. तो आकडा रोज रात्री वहीत लिहावा. घरखर्चाचा जमाखर्च लिहिणाऱ्या गृहस्थास यात नवे काही नाही.

(२) नंतर देशाचा नियम करावा. देवघर, जेवणाची जागा आणि शयनगृह या तीन स्थळी मोबाइल नेऊ नये. गजरासाठी एक साधे घड्याळ विकत आणावे.

(३) मग कालाचा नियम. उठल्यानंतरचा पहिला तास आणि निजण्यापूर्वीचा शेवटचा तास मोकळा ठेवावा. हाक मारणारी सर्व नोटिफिकेशन बंद करावी; मोबाइलने आपल्याला बोलावू नये, काम असेल तेव्हा आपण त्याच्याकडे जावे.

(४) यानंतर पात्राचा नियम. ज्यांच्या आजारपणात आपण धावून जाऊ अशा माणसांची नावे कागदावर लिहावीत. त्यांच्याशी संबंध राखण्याचे साधन ठेवून बाकीची माध्यमे मोबाइलवरून काढून टाकावीत. खाते तात्पुरते बंद करणे आणि कायमचे पुसून टाकणे यांत भेद आहे. फेसबुकवर पुसून टाकण्याची विनंती केल्यानंतर तीस दिवसांत पुन्हा प्रवेश केला तर ती विनंती रद्द करता येते. हे तीस दिवस व्रताप्रमाणे पाळावेत. आपली छायाचित्रे आधी उतरवून घ्यावीत आणि आप्तांना आपला दूरध्वनी क्रमांक कळवावा.

(५) जो वेळ मिळेल त्याचा एक भाग स्वाध्यायास, एक भाग घरातील माणसांस आणि एक भाग शरीरश्रमास द्यावा. ज्यांना आजवर केवळ तयार शुभेच्छाचित्रे पाठविली, त्यांपैकी एकास आठवड्यातून एक पत्र स्वहस्ते लिहावे किंवा त्याच्या घरी जाऊन यावे.

पहिले काही दिवस जड जातील. हात आपोआप खिशाकडे जाईल. रांगेत उभे असता, चहा उकळेपर्यंत, कोठेही मन बावरल्यासारखे होईल. आरंभी विषासारखे आणि परिणामी अमृतासारखे जे सुख, ते सात्त्विक, असे अठराव्या अध्यायाच्या सदतिसाव्या श्लोकाचे तात्पर्य आहे. मन निसटले म्हणून स्वतःवर रागावू नये; ते जेथे गेले तेथून परत आणावे. परत आणणे हाच अभ्यास होय.

एका गावाचे उदाहरण

एकट्याने नियम पाळणे कठीण, पण मिळून पाळणे सोपे जाते, याचे एक उदाहरण आपल्यासमोर आहे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. महामारीच्या काळात शाळा ऑनलाइन झाल्या आणि मुलांच्या हाती मोबाइल आले. शाळा पुन्हा भरू लागल्यावर मुलांचे वाचन-लेखनात मन लागत नाही, हे शिक्षकांच्या लक्षात आले. ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने एक निश्चय केला. रोज सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजावा आणि साडेआठपर्यंत, म्हणजे दीड तास, घरोघरचे मोबाइल व दूरदर्शनसंच बंद राहावेत. आरंभी लोकांना ते पटेना. तेव्हा ग्रामपंचायतीचे कर्मचारी, आशा व अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक यांनी घरोघर फिरून समजूत घातली. पुढे त्या वेळात मुले अभ्यासाला बसू लागली आणि मोठी माणसे एकमेकांशी बोलू लागली.

या उदाहरणातील मर्म असे की, गावाने मोबाइलला शाप दिला नाही आणि तो कायमचा टाकलाही नाही. दीड तासाचे अवधान कोणाच्या मालकीचे, एवढेच ठरविले. पूर्वी दिवेलागणीस घरातील सर्वजण एकत्र येत आणि शुभंकरोती होई. तोच हा प्रहर. प्रत्येक कुटुंबास भोंगा मिळणार नाही, परंतु दिवा प्रत्येक घरात लागतो. तो लागल्यापासून रात्रीचे जेवण होईपर्यंत सर्वांचे मोबाइल एका टोपलीत ठेवावेत, आणि त्या टोपलीत पहिला मोबाइल घरातील कर्त्या मनुष्याने ठेवावा. मुलांना उपदेश करून स्वतः पडदा चाळीत बसणाऱ्याचा शब्द कोणी मानीत नाही.

मननासाठी प्रश्न

आज दिवसाचे पहिले लक्ष मी कोणास दिले? ते घेण्यास तो पात्र होता काय? आज घरातील कोणते माणूस माझ्याशी बोलता बोलता मध्येच थांबले? आज मी जी प्रशंसा केली ती मनापासून होती, की परतफेड होती? आणि ज्यांच्यापाशी वर्षे थोडी उरली आहेत, त्यांना आज मी किती वेळ डोळ्यांकडे पाहून ऐकले?

वाचकांनी हे प्रश्न महिनाभर रोज निजण्यापूर्वी स्वतःस विचारावेत व उत्तरे प्रामाणिकपणे लिहून ठेवावीत. कोणते माध्यम सोडावे आणि कोणते ठेवावे, हे मग दुसऱ्या कोणी सांगण्याची आवश्यकता राहणार नाही. दान देण्याचे सामर्थ्य आपल्या हाती आहे तोवर ते योग्य हाती पडावे, एवढेच या पाठाचे सांगणे आहे.